प्रमाणपत्र आणि प्रभुत्व

(संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण घेऊन प्रमाणपत्र परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिर्डी येथे एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिर्डी हे गाव साऱ्या देशाला ठाऊक आहे ते श्रीसाईबाबांच्या समाधीमुळे. १९१८ साली विजयादशमीच्या दिवशी बाबांनी देह ठेवला, त्या वेळचे हे लहानसे खेडे आज केवढे विस्तारले आहे, हे आपण रोज पाहतच आहात. २००९ मध्ये साईनगर शिर्डी रेल्वेस्थानक सुरू झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये काकडी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. यात्रेकरूंच्या येण्याजाण्याच्या वाटा वाढल्या, तसे येथील कामाचे स्वरूपही पालटले. गाडीचे आरक्षण, निवासाची नोंदणी, दर्शनाची वेळ, दुकानातील बिल, पतसंस्थेतील पासबुक, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती, यांपैकी कोणताही व्यवहार आज संगणकावाचून फारसा होत नाही. आणि अशा प्रत्येक व्यवहारामागे कोणी तरी लिहिलेली आज्ञावली, म्हणजे आपण ज्याला नेहमीच्या बोलण्यात प्रोग्रॅम म्हणतो, ती मुकाट्याने काम करीत असते.

ती लिहिणारा मनुष्य बहुधा दूरच्या शहरात बसलेला असतो. त्याने लिहिलेले यंत्र चालविण्याचे काम आपल्याकडे येते. हे चित्र पालटावे, आज्ञावली लिहिणाऱ्यांमध्ये राहाता, कोपरगाव, संगमनेर या भागांतील मुलामुलींची संख्या वाढावी, असे आपणा सर्वांनाच वाटते. त्यासाठी आपण एखाद्या प्रमाणपत्र परीक्षेस बसणार आहात. या तयारीसंबंधी चार गोष्टी आपणापुढे मांडाव्यात, एवढाच माझा उद्देश आहे.

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे आणि माझा रोजचा संबंध शब्दांशी येतो. तेव्हा तज्ज्ञाच्या आसनावरून मी बोलत नाही. परंतु आज्ञावली हीसुद्धा अखेर एक भाषा आहे. तिला व्याकरण आहे, अर्थ आहे आणि चुकीच्या शब्दाने होणारा अनर्थही आहे. या बाजूने पाहिले असता मला जे दिसले ते सांगतो. त्याचे सार एका वाक्यात असे की, प्रमाणपत्र ही शिक्षणाची पावती आहे. पण पावती हातात आली म्हणजे माल घरात आलाच, असे नव्हे.

वापरणे वेगळे, घडविणे वेगळे

प्रथम प्रमाणपत्रांविषयी. शासकीय नोकरीच्या जाहिरातीत आपण एक वाक्य पुष्कळदा वाचले असेल. उमेदवार एमएस-सीआयटी उत्तीर्ण असावा, किंवा 'डोएक' सोसायटीची सीसीसी, अथवा 'ओ', 'ए', 'बी', 'सी' यांपैकी कोणत्याही एका स्तराची परीक्षा उत्तीर्ण असावा, असे ते वाक्य असते. ही सारी नावे एका ओळीत आल्यामुळे ती एकाच तोलाची आहेत, असा समज होतो. तो दूर होणे अगत्याचे आहे.

एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा. हे महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या केंद्रांमुळे खेड्यापाड्यांतील माणसाचा हात प्रथमच संगणकाला लागला. हे काम मोठे आहे. परंतु हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. पत्र टंकलिखित करणे, तक्ता तयार करणे, इंटरनेटवर माहिती शोधणे, म्हणजे यंत्र वापरणे तो शिकवितो. यंत्रासाठी आज्ञावली घडविणे हा त्याचा हेतू नाही. सायकल चालविता येणे आणि सायकल बांधता येणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढे येथे आहे.

घडविण्याच्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील 'कोपा' हा व्यवसाय. 'कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट' असे त्याचे पूर्ण नाव आहे. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला त्यात प्रवेश मिळतो, मुदत एक वर्षाची असते आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. कार्यालयीन कामाबरोबरच आज्ञावली लेखनाची ओळख यात होते.

दुसरी पायरी 'ओ' लेव्हलची. केंद्र शासनाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी १९९० मध्ये ही योजना एकत्रितपणे सुरू केली. तिच्या 'डोएक' या संस्थेचे नाव २०११ मध्ये पालटून 'नायलिट' झाले. जाहिरातींत मात्र जुने नाव अजून टिकून आहे. 'ओ' लेव्हल हा पायाभूत स्तर होय. त्यात संगणकाची साधने व नेटवर्क, संकेतस्थळाची रचना, पायथन भाषेतून आज्ञावली लेखन आणि वस्तूंना इंटरनेटशी जोडण्याचे तंत्र असे विषय आहेत. शिवाय प्रात्यक्षिक आणि प्रकल्प आहेत. त्यापुढे 'ए' आणि 'बी' हे वरचे स्तर येतात. अभियांत्रिकी व तत्सम पदवीधरांसाठी पुण्याच्या सी-डॅक या संस्थेची पदविका आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या याच संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, हे आपण जाणताच.

तेव्हा आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत आणि पुढची कोणती, हे प्रथम निश्चित करावे. एमएस-सीआयटी झाल्यावर 'मला प्रोग्रॅमिंग येते' असे समजणे जितके चुकीचे, तितकेच 'मला ते कधीच येणार नाही' असे समजणेही चुकीचे.

आधी मराठीत विचार, मग आज्ञावली

आज्ञावली म्हणजे तरी काय? एखादे काम कोणत्या क्रमाने, कोणत्या अटीवर, किती वेळा करावे याची निःसंदिग्ध सूचना. आई स्वयंपाक शिकविताना 'मीठ चवीपुरते घाल' म्हणते आणि मुलीला ते कळते. यंत्राला 'चवीपुरते' कळत नाही. जे आपण गृहीत धरतो ते त्याला उलगडून सांगावे लागते, आणि उलगडून सांगता येणे हीच या विद्येची खरी परीक्षा आहे.

आपल्या गावातील एक उदाहरण घेऊ. यात्रेकरू २८ फेब्रुवारीला आला आणि दोन रात्री मुक्काम करणार आहे. खोली कोणत्या तारखेला रिकामी होईल? साध्या वर्षी २ मार्चला; लीप वर्षी १ मार्चला. म्हणजे नोंदणीच्या आज्ञावलीला वर्ष लीप आहे की नाही, हे कळले पाहिजे. आता आपण शाळेत शिकलो की, चारने भाग जातो ते लीप वर्ष. हा नियम यंत्राला दिला. २०२४ घालून पाहिले, उत्तर बरोबर. २०२३ घातले, तेही बरोबर. विद्यार्थी समाधानाने वही मिटतो.

परंतु १५८२ पासून चालत आलेल्या ग्रेगोरियन कालगणनेचा नियम याहून थोडा बारीक आहे. शतकाच्या अखेरच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते आणि २१०० असणार नाही. आपली आज्ञावली २००० चे उत्तर बरोबर देते, पण १९०० चे चुकविते. पडताळणीसाठी आपण सोयीची वर्षे निवडली, म्हणून चूक लपून राहिली.

पुढे पाहा. नियम समजल्यावर एखादा विद्यार्थी असा क्रम लावतो: वर्षाला १०० ने भाग गेला तर साधे वर्ष, नाही तर ४०० ने गेला तर लीप, नाही तर ४ ने गेला तर लीप. तिन्ही वाक्यांत आवश्यक ते सारे आहे. तरीही २००० चे उत्तर चुकते. कारण २००० ला १०० ने भाग जातो, पहिल्याच अटीवर निकाल लागतो आणि दुसऱ्या अटीपर्यंत गाडी पोहोचतच नाही. अटी त्याच ठेवून ४०० ची अट सर्वांत आधी आणली की सारी उत्तरे जुळतात. मराठी वाक्यात शब्दांची थोडी उलटापालट झाली तरी अर्थ बहुधा टिकतो. येथे क्रम बदलला की अर्थच बदलतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, यंत्रासमोर बसण्यापूर्वी कागदावर, स्वच्छ मराठीत पायऱ्या लिहा. मग १९००, २०००, २०२३, २०२४ ही चार वर्षे हातानेच त्या पायऱ्यांवरून चालवून पाहा. वर्गात याला 'ड्राय रन' म्हणतात. पूर्वीच्या पिढीला हे सक्तीने करावे लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथे 'सीडीसी ३६००' हे मोठे यंत्र आले. त्या काळी आज्ञावली छिद्रे पाडलेल्या कार्डांवर जात असे. एका कार्डावर ८० अक्षरांची एक ओळ. कार्डांचा गठ्ठा देऊन आपल्या पाळीची वाट पाहावयाची, आणि एक चूक निघाली की पुन्हा तेच. साहजिकच गठ्ठा देण्यापूर्वी लोक आपली ओळन् ओळ मनात चालवून पाहत. आज कळ दाबताच उत्तर मिळते, ही सोय आहे. पण त्यामुळे विचाराआधी कळ दाबण्याची सवय जडते आणि परीक्षेत नेमकी तीच नडते.

चूक ही शिक्षिका

दुसरी गोष्ट चुकांची. आज्ञावलीतील चुका तीन प्रकारच्या असतात. पहिली व्याकरणाची. पायथनमध्ये अटीच्या ओळीअखेरचे अपूर्णविरामाचे चिन्ह राहिले की यंत्र पुढे जाण्यासच नकार देते. ही चूक सर्वांत सोपी, कारण यंत्र स्वतःच ओळीचा क्रमांक सांगते.

दुसरी चूक काम चालू असताना प्रकट होते. राहाता परिसरातील पेरू सर्वत्र प्रसिद्ध आहे. समजा, दिवसभरात आलेल्या पेरूच्या क्रेटचे सरासरी वजन काढणारी आज्ञावली आपण लिहिली. एकूण वजन भागिले क्रेटची संख्या. महिनाभर ती सुरळीत चालली. एके दिवशी पावसामुळे एकही क्रेट आले नाही. शून्याने भागावयाची वेळ आली आणि आज्ञावली जागच्या जागी थांबली. 'काहीच नसेल तर काय?' हा प्रश्न प्रत्येक आज्ञावलीला विचारावयाचा असतो.

तिसरी चूक सर्वांत घातक. यंत्र थांबत नाही, तक्रार करीत नाही, उत्तर देते, आणि ते उत्तर चुकीचे असते. लीप वर्षाची चूक याच जातीची. वजनकाट्यावर उसाने भरलेल्या गाडीचे वजन टनात नोंदले आणि रिकाम्या गाडीचे क्विंटलमध्ये, तरी यंत्र वजाबाकी बिनतक्रार करील. त्याला आकडा कळतो, परिमाण कळत नाही. ही केवळ कल्पनेतली भीती नव्हे. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे मंगळावर धाडलेले यान नष्ट झाले. एका गटाच्या आज्ञावलीने ब्रिटिश परिमाणात आकडे दिले आणि दुसऱ्या गटाने ते मेट्रिक परिमाणातले समजून वापरले, हे त्याचे कारण होते. जगातील निष्णात तंत्रज्ञांच्या हातून जे घडले, ते आपल्या हातून घडू नये यासाठी प्रत्येक आकड्यासमोर त्याचे परिमाण लिहिण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी.

अनेक विद्यार्थी पडद्यावर लाल अक्षरे दिसताच घाबरतात आणि सारे पुसून टाकतात. तसे करू नये. पायथनच्या चुकीच्या संदेशात शेवटची ओळ चुकीचा प्रकार सांगते आणि त्यावरच्या ओळी जागा सांगतात. तो संदेश शांतपणे वाचावा, आणि एका वेगळ्या वहीत चूक, तिचे कारण आणि दुरुस्ती अशी नोंद ठेवावी. दोन महिन्यांत ती वही कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी ठरेल, कारण ती आपल्याच चुकांची आहे. या गावात श्रद्धा आणि सबुरी हे शब्द भिंतीभिंतीवर लिहिलेले आहेत. त्यांतील सबुरीचा या विद्येत रोज उपयोग होतो, एवढेच मी म्हणेन.

मराठी माध्यमाचे भय

आता एका शंकेकडे वळतो. ती बहुतेकांच्या मनात असते, परंतु बोलून दाखविली जात नाही. 'आमचे शिक्षण मराठीत झाले. आम्हाला इंग्रजी आज्ञावली कशी जमणार?' यावर एक साधी वस्तुस्थिती सांगतो. पायथन भाषेतील राखीव शब्द अवघे ३५ आहेत. जुन्या सी भाषेच्या मूळ प्रमाणात ते ३२ होते. एवढे शब्द तर मूल पहिल्या इयत्तेत शिकते. पुस्तके आणि चुकींचे संदेश वाचण्यासाठी इंग्रजी वाढवावे लागेल, हे खरे. परंतु विचार करण्याची भाषा मराठी असण्याने काहीही बिघडत नाही. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात पायथन, सी, जावा आदी विषयांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठी निवेदनातही उपलब्ध आहेत. पाठ थांबवावा, तेच आपल्या यंत्रावर करून पाहावे, मग पुढे जावे, अशी त्यांची पद्धत आहे. केंद्र शासनाच्या 'स्वयं' या व्यासपीठावर २०१७ पासून नामवंत संस्थांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क पडते.

उलट, मराठी जाणणाऱ्याला या क्षेत्रात काही कामे अशी आहेत, की जी इतरांना सहज सुचणार नाहीत. आपल्या गावाचेच नाव घ्या. 'शिर्डी' या शब्दात अक्षरे किती? कोणीही सांगेल, दोन: 'शि' आणि 'र्डी'. पायथनला विचारा, तो सहा सांगतो. श, ऱ्हस्व इकार, र, हलन्ताचे चिन्ह, ड आणि दीर्घ ईकार अशी सहा चिन्हे तो स्वतंत्रपणे मोजतो. तोच शब्द उलटा लिहावयास सांगितला तर काने-मात्रे आपापल्या अक्षरांना सोडून भलत्याच जागी जाऊन बसतात. त्याच पायथनला देवनागरी अंकांत लिहिलेले २०२४ मजकूर म्हणून देऊन त्याचा पूर्णांक करावयास सांगितले, तर तो विनातक्रार करून देतो. कारण युनिकोडमध्ये आपले अंक अंक म्हणूनच नोंदलेले आहेत. सातबारा, मतदारयादी, शाळेचा दाखला, ग्रंथालयाची सूची यांतील नावे शोधणारी व वर्णानुक्रमे लावणारी आज्ञावली नीट चालावयाची असेल, तर हे बारकावे जाणणारा मनुष्य लागतो. आपण शाळेत जोडाक्षरे गिरविली, ती येथे भांडवल म्हणून उपयोगी पडतात.

तयारी कशी करावी

परीक्षेच्या तयारीविषयी थोडे व्यावहारिक बोलतो. रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा रोज एक तास बसणे अधिक फलदायी ठरते. रोज एक प्रश्न घ्यावा. त्याचे छापील उत्तर समोर ठेवून टंकलिखित करू नये. उत्तर वाचावे, समजून घ्यावे, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या पडद्यावर स्वतः लिहावे. अडल्यास पुन्हा पुस्तक उघडावे, पुन्हा मिटावे. आठवड्याने तोच प्रश्न न पाहता सोडवावा.

वस्तुनिष्ठ प्रश्नांत आज्ञावलीचा तुकडा देऊन उत्तर काय येईल असे विचारतात. तेथे लहानशा तपशिलात विद्यार्थी फसतो. पायथनमध्ये १ ते ५ असा 'रेंज' दिला तर किती आवर्तने होतात? सहज बोलण्यात आपण पाच म्हणू. पण तो १ पासून सुरू होऊन ५ च्या आधीच थांबतो, म्हणून आवर्तने चार. पाठ करून हे विसरले जाते. परंतु शिर्डीतील निवासाचा हिशेब आठवा. १ तारखेला आलेला यात्रेकरू ५ तारखेला सकाळी निघाला तर भाडे किती रात्रींचे? चार रात्रींचे. आपल्या व्यवहारातील असा दाखला जोडला की नियम मनात ठसतो.

शक्य असेल तर दोघातिघांनी मिळून अभ्यास करावा आणि लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याला ओळीओळीने समजावून सांगावी. जी ओळ सांगताना जीभ अडखळते, ती आपल्याला कळलेली नाही असे खुशाल समजावे. घरी संगणक नसेल तर संकोच न करता संस्थेच्या प्रयोगशाळेत जादा वेळ मागावा, आणि यंत्रावरचा मोलाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून कागदावरची तयारी घरूनच करून यावे. शिर्डीत श्रीसाईबाबा संस्थानाची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. जवळ लोणी आणि कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. विचारणाऱ्याला मार्ग सांगणारी माणसे या भागात आहेत.

प्रकल्पाच्या बाबतीत मात्र एक कळकळीची विनंती आहे. तयार प्रकल्प विकत मिळतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तो घेऊ नये. त्यात केवळ नियमभंग होतो असे नव्हे. ज्या एका ठिकाणी आपण आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः काही उभे केले असते, ती एकमेव संधी आपण पैसे देऊन गमावतो. 'ही अट येथे का घातली?' एवढा एकच प्रश्न परीक्षकाने किंवा उद्या मुलाखत घेणाऱ्याने विचारला की विकतचा प्रकल्प उघडा पडतो. विषय शोधावयास दूर जाण्याचेही कारण नाही. आईच्या बचत गटाची वर्गणी आणि कर्जाचे हप्ते, दूध संकलन केंद्रावरील लिटर आणि फॅटप्रमाणे होणारा दर, गावच्या वाचनालयातील पुस्तकांची देवघेव, फुलांच्या दुकानातील रोजची खरेदी आणि उरलेला माल, असे विषय घ्यावेत. ज्याच्यासाठी आज्ञावली लिहावयाची तो मनुष्य समोर असला की तो स्वतःच चुका दाखवितो, आणि त्या चुका परीक्षकापेक्षा अधिक शिकवितात.

यंत्रच आज्ञावली लिहू लागले तर?

अलीकडे एक नवा प्रश्न पुढे आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने साध्या वाक्यातील मागणीवरून आज्ञावली लिहून देतात. मग आपण हे कष्ट का करावेत? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. या साधनांमुळे निव्वळ नक्कल करून लिहिण्याचे काम कमी होईल, हे खरे. पण लिहून मिळालेली आज्ञावली बरोबर आहे की नाही, हे सांगणार कोण? लीप वर्षाच्या अटी चुकीच्या क्रमाने आल्या तर ते ओळखणार कोण? क्विंटल आणि टन यांची गल्लत झाली तर शेतकऱ्याला उत्तर देणार कोण? ज्याला वाचता येते तोच दुसऱ्याने लिहून आणलेल्या कागदावर समजून सही करू शकतो. इतरांना अंगठा उठवावा लागतो. साक्षरतेच्या चळवळीत आपण जे शिकलो, तेच येथे लागू आहे. ही साधने शंका विचारण्यासाठी, न समजलेली ओळ उलगडून घेण्यासाठी अवश्य वापरावीत. मात्र आधी स्वतः प्रयत्न करावा. परीक्षेच्या दालनात आपण एकटेच असणार आहोत.

पालकांस दोन शब्द

पालकांनो, आपण घाम गाळून मुलांचे शुल्क भरता, म्हणून काही गोष्टी तपासून घेणे हा आपला हक्क आहे. प्रमाणपत्र कोण देणार, शिकविणारी संस्था की शासनमान्य परीक्षा यंत्रणा, हे प्रथम विचारावे. संस्थेला जी मान्यता असल्याचे सांगितले जाते, ती त्या यंत्रणेच्या अधिकृत यादीत पाहून खात्री करावी. शुल्काची पावती घ्यावी, परीक्षा शुल्क त्यात धरले आहे की वेगळे, ते विचारावे. आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष यंत्रावर मिळतील, हेही विचारावे. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीपासून सावध राहावे. प्रमाणपत्र मुलाखतीचे दार उघडते, आत जाऊन बोलावे लागते ते ज्याचे त्यालाच. आणि मुलीच्या शिक्षणाबाबत 'पुण्याला पाठवता येणार नाही, मग शिकून काय उपयोग' असा विचार मनात आणू नये. हे काम शिकण्यास आणि पुष्कळ वेळा करण्यासही गाव सोडावेच लागते, असे आता राहिलेले नाही.

मित्रहो, १९८१ मध्ये पुण्यात अवघ्या १० हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस कंपनीची नोंदणी झाली. त्या संस्थापकांचे खरे भांडवल त्यांना अवगत असलेली आज्ञावली लेखनाची विद्या हे होते. आपल्यापैकी प्रत्येकजण कंपनी काढील असे मी म्हणत नाही. कोणी कार्यालयात साहाय्यक होईल, कोणी पतसंस्थेची यंत्रणा सांभाळील, कोणी पुढील पदविकेस जाईल. परंतु जेथे असाल तेथे समोरचा शेतकरी, यात्रेकरू किंवा ठेवीदार 'हा आकडा असा का आला?' असे विचारील, तेव्हा 'संगणकानेच तसे दाखविले' हे उत्तर आपल्या तोंडी येऊ नये. तो आकडा कोणत्या पायऱ्यांनी आला, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगता येणे, यालाच मी प्रभुत्व म्हणतो. परीक्षेच्या निमित्ताने तेवढे साध्य झाले, तर प्रमाणपत्र आपोआप मागून येईल, आणि ते भिंतीवर लावण्याजोगे असेल.